शिवीचा कौल

बोरमाळचा नवा रस्ता मालनअक्काच्या खळ्यातनं गेला, आणि तो तिनं स्वतःच्या तोंडानं बोलावून आणला.

त्या साली गावात कौल आला होता. देवळात दगडाला फुलं चिकटवून लावतात तो नव्हे, सरकारचा कौल. त्याआधी पाच वर्षांतनं एकदा बोटाला शाई लावायची आणि पुढं पाच वर्षं तीच बोटं मोडत बसायचं, असा कारभार होता. ग्रामसभा म्हणजे सह्या, आणि सह्या म्हणजे घरपोच. कौलानं ते सगळं मोडीत काढलं. प्रत्येकाच्या मोबाइलवर आणि गावात कोपऱ्याकोपऱ्यावरच्या खांबांवर ‘चावडी’ नावाचं एक दार कायम उघडं असायचं. एकानं बोलायचं, दुसरीनं त्यात भर घालायची, तिसऱ्यानं खोडायचं, चौथीनं दुरुस्त करायचं, आणि सगळ्यांच्या बोलण्याची मळणी करून मशीन एकच दाणा बाहेर काढायचं. तो कौल. हात वर करायला नको, पेटी नको, मोजणी नको. ज्याच्या बोलण्यावर गाव जास्त बोलतं, त्याच्या शब्दाला वजन जास्त. कौल निघाला की साहेबानं तो मोडायचा नाही. मोडला तर साहेब घरी.

पहिले काही महिने झकास गेले. गटार झालं, दिवे लागले, खुर्चीत घोरणाऱ्या मास्तरची बदली झाली. मग बेदाण्याच्या गाड्यांसाठी रस्ता काढायचं निघालं, आणि तो मालनअक्काच्या शेडपुढच्या खळ्यातनं जाणार असं कोणीतरी चावडीवर टाकलं.

मालनअक्का म्हणजे बेदाणा निवडणाऱ्या बायांची मुकादमीण. शाळेत चौथी झाली नव्हती, पण मूठभर बेदाणा हातात घेतला की कोणाच्या बागेतला आणि धुरी कमी पडली की जास्त, हे वासावर सांगायची. तिच्या टोळीतल्या बायांना नवऱ्याची भीती नव्हती, अक्काची होती. ती तरातरा खांबाखाली गेली, पदर खोचला आणि म्हणाली,

“घाला की. खुशाल घाला रस्ता. माझ्या नरड्यावरनंच न्या. मी आडवी पडते, तेवढंच तुमचं डांबर वाचंल.”

बाया फिदीफिदी हसल्या. गावभर ते बोलणं फिरलं, ज्यानं त्यानं आपली भर घातली. चार दिवसांत कौल आला: मालन साळुंखे यांचा रस्त्यास उत्साहाने पाठिंबा, जमीन देण्याची तयारी, गावाचाही त्यास दुजोरा.

खळ्यात रोलर फिरला तेव्हा अक्का तालुक्याला कौलाच्या हापिसात जाऊन बसली होती. समोर कुंभोजे मॅडम, सांगलीची पोरगी, चष्मा मोठा आणि आवाज बारीक.

“मी न्हाई म्हनले हुते,” अक्का म्हणाली.

“तुम्ही ‘खुशाल घाला’ म्हणालात, अक्का.”

“मग? खुशाल म्हंजे न्हाई. एवढं सुदिक कळंना व्हय तुमच्या यंत्राला? कुठनं आणलाय ह्यो जावई?”

कुंभोजे मॅडमला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. “मला कळतं, अक्का. त्याला कळत नाही. शब्दाला आपला असा अर्थ नसतो. माणूस कोणाबरोबर ऊठबस करतो त्यावरून आपण त्याला ओळखतो ना, तसं मशीन शब्दाला ओळखतं. कोणता शब्द कोणाच्या शेजारी येतो, आणि तो बोलून झाल्यावर माणूस काय करतो, एवढंच ते बघतं. आता हे मशीन शिकलंय पुस्तकांवर आणि पुण्याच्या बातम्यांवर. तिथं कोणी नरड्यावरनं रस्ता न्या म्हणत नाही.”

“मग शिकवा त्याला मानसासारखं बोलायला.”

“तेच म्हणते. तुम्ही शिकवा.”

अक्काला वाटलं, पोरगी थट्टा करते. पण तिनं खरंच हरभऱ्याएवढा माईक काढला आणि अक्काच्या पदराला टाचला. काही करायचं नाही, नेहमीसारखं बोलायचं आणि नेहमीसारखं वागायचं. खळं तर गेलंच होतं. अक्कानं मान वर केली आणि वाटेनं भेटेल त्याला सांगत गेली, की सरकारनं मला मास्तरीण केलंय.

हंगामभर मशीन अक्काच्या पदराला लोंबकळत राहिलं. त्यानं काय बघितलं? जिला अक्का “सटवे” म्हणते, तिच्या ताटात ऊन भाकरी पडते. ज्याला “मुडद्या, मेलास का न्हाई अजून” म्हणते, त्याच्या तापल्या कपाळावर हात ठेवते. आणि ज्याला “या या, बसा, काय घेणार?” म्हणते, त्याला कोरा चहा मिळतो आणि तो गेल्यावर दाराला कडी लागते. मशीनला पोटात माया आणि ओठात शिवी, हे काही कळलं नाही. त्याला एवढंच दिसलं की शिवीच्या शेजारी भाकरी आहे आणि गोड शब्दाच्या शेजारी कडी. त्यानं दोन्हीकडं खूण करून ठेवली. आजूबाजूच्या तीन तालुक्यांत दुसऱ्या कोणाच्या बोलण्याला इतकी माणसं उत्तरं देत नव्हती, म्हणून त्या सगळ्या मुलखाचं बोलणं कौल अक्काच्या जिभेनं तोलायला लागला.

पहिला दणका आमदारांना बसला. ते हात जोडून खांबाखाली उभे राहिले आणि “मायबाप जनता, आपला आशीर्वाद असावा” म्हणाले. कौलानं त्याचा अर्थ लावला, की ह्या गृहस्थाला गावाचं तोंड बघायची इच्छा नाही, आणि त्यांनी ओढ्यावर बांधायचा म्हटलेला साकव दुसऱ्या गावाला गेला. पुढच्या खेपेला कोणीतरी त्यांचे कान भरले. गाडीतनं उतरल्या उतरल्या ते म्हणाले, “काय रे काळतोंड्यांनो, जिवंत हायसा व्हय?” गावानं टाळ्या पिटल्या. कौल त्यांच्या पदरात पडला.

मग लोकांनी धडा घेतला. आपलं काम व्हावं म्हणून शेजाऱ्याला शिव्या घालायच्या, आणि त्याचं होऊ नये म्हणून त्याचं कौतुक करायचं. लग्नाच्या पंगतीत “सावकाश होऊ द्या” म्हणायला माणसं कचरायला लागली. एका व्याह्याला कोणी “नमस्कार” घातला म्हणून सुपारी मोडली. शाळेत पोरांनी “धन्यवाद” म्हटलं की मारामारी व्हायची.

अक्काला ह्या हत्याराची धार पहिल्यांदा कळली ती छबूमुळं. छबू पवार दुसऱ्या टोळीची मुकादमीण. दोघी एका बांधावर वाढल्या, एका साली लग्न होऊन ह्या गावात आल्या, आणि तेव्हापासनं भांडत होत्या. सहकारी शेडचं निवडीचं काम कोणाला द्यायचं हे कौल ठरवणार होता. छबूच्या बाया गरजू होत्या, गाव तिच्या बाजूला झुकलं होतं. अक्का खांबाखाली गेली आणि मधात बोट बुडवल्यासारखी बोलली, “छबूताई फार गुणाच्या बाई हायत्या. त्यांच्याइतकं सोच्छ काम कुणाचं न्हाई. त्यांनाच द्यावं, ही माझी हात जोडून इनंती.”

काम अक्काला मिळालं. छबूची टोळी फुटली, तिच्या बाया ऊसतोडीला गेल्या. छबू आली आणि शेडच्या दारात उभी राहिली.

“मालने, एवढ्या वर्सांत तू माझ्या झिंज्या उपटल्यास, पण मला कधी ‘ताई’ म्हनली न्हवतीस.”

“बसा की छबूताई,” अक्का म्हणाली. “चहा घेणार?”

छबू थुंकून गेली. त्या दिवशी अक्काला भूक चांगली लागली.

ह्याच सुमारास अक्काच्या लेकानं, रणजितनं, लग्न केलं. तो बेदाण्याची गाडी घेऊन दिल्लीपर्यंत जायचा. वाटेत अमरावतीची पोरगी भेटली, पल्लवी. शीतगृहाच्या हापिसात हिशेबाला होती. पोरगी सालस, कामाला वाघ, आणि बोलायला अशी मऊ की अक्काच्या अंगावर काटा यायचा.

“आई, तुम्ही आधी चहा घेऊन घ्या. मी भाजी करून राहिली.”

“करून राहिली,” अक्का शेडमधे बायांना सांगायची. “म्हंजे केली का राहिली? आणि ‘आई’ काय, ‘घ्या’ काय. तुपात बुडवलेली सुरी हाय.”

पल्लवीच्या मुलखात गोड म्हणजे गोडच असतं, हे अक्काला ठाऊक नव्हतं असं नाही. पण लेकानं न विचारता आणलेली सून तिला घशाखाली उतरवायची नव्हती. मग तिनं ठरवलं, की हिला कधी शिवी घालायची नाही. पल्लवीच्या हातनं दूध उतू गेलं तरी अक्का म्हणायची, “असू द्या हं, व्हतं असं.” आणि पल्लवी फोनवर आपल्या आईला अभिमानानं सांगायची, “सगळ्या गावाला शिव्या देतात, पण मला एक वाकडा शब्द नाही बोलत. माझा मान ठेवतात.” पलीकडं अक्का हे ऐकायची आणि पान लावायची.

शिव्यांचं वारं पल्लवीला कळलं नव्हतं असं नाही. ती घराबाहेर बोलायचीच बंद झाली होती. पण आपल्या घरातही तोच हिशेब चालू असेल, असं तिच्या मनाला शिवलं नाही.

मग एका सकाळी शेडमधे बेदाण्याच्या ढिगावरच अक्का कलंडली. डोक्याची शीर फुटली होती. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी रणजितला आणि पल्लवीला समजावून सांगितलं. माणूस ठरवून, जुळवून जे बोलतो ते मेंदूच्या डाव्या अंगातनं येतं, आणि तेच अंग सुकलं आहे. पण ठेच लागली की ‘आई गं’ निघतं ना, तसे न ठरवता उसळणारे शब्द दुसऱ्याच वाटेनं येतात. ती वाट शाबूत आहे. “त्यांना सगळं कळतं,” डॉक्टर म्हणाले. “पण मागितला तर शब्द यायचा नाही. पोटातनं उसळला तरच येईल.”

घरी आणलेल्या दिवशी खिडकीत कावळा बसला आणि अक्काच्या तोंडातनं खणखणीत निघालं, “मुडद्या.” पल्लवीला आनंदानं रडू आलं. हळूहळू दिसलं, की शिव्या तेवढ्या शाबूत राहिल्यात. मांजराला शिवी, डॉक्टरला शिवी, फोनवर दिसणाऱ्या रणजितला शिवी. पल्लवी अंग पुसायची, भरवायची, कूस बदलायची. तिच्या वाट्याला मात्र अक्का नुसती डोळे उघडून बघायची. पल्लवीला वाटायचं, आईंना आपली भीड वाटते.

पल्लवीनं नोकरी सोडली. आणि घरात परावलंबी माणूस आहे म्हटल्यावर कायद्यानं कौल दारात आला. त्या माणसाला घरात ठेवायचं की आधारघरात न्यायचं, हे घरच्यांच्या आणि गावाच्या बोलण्यावरनं मशीन ठरवणार होतं. आधारघर चांगलं होतं. स्वच्छ, वेळच्या वेळी, आणि तिथं कोणी कोणावर ओरडत नाही. अक्कानं आधारघराची फिल्म एकदा बघितली होती. पांढऱ्या गाद्यांवर हसरी म्हातारी माणसं. तेव्हा ती बायांना म्हणाली होती, “ह्यापरीस उकिरडा बरा. तिथं कोंबड्या तरी भांडतात.” आता त्याच आधारघराची गाडी तिच्यासाठी निघणार होती, आणि नको म्हणायला तिच्याकडं फक्त शिव्या होत्या. कुंभोजे मॅडमनं उशाशी यंत्र ठेवलं आणि विचारलं, “अक्का, आधारघरात जायचं का?” अक्काच्या तोंडातनं शिव्यांचा लोट निघाला. यंत्रावर न्यायचा हिरवा दिवा लागला. रुग्णाची आनंदाने संमती.

मॅडमचा चेहरा पडला. “मला माहितीये अक्का तुम्हाला काय म्हणायचंय. पण मी अर्थ लावायचा नाही, असा नियम आहे. माणसानं लावला की वशिला होतो.”

पल्लवी घाबरून, भान विसरून पुढं आली. “मॅडम, आईंना कुठं नेऊ नका. त्या देवमाणूस आहेत. मला त्यांचा काहीच त्रास नाही, मी सगळं प्रेमानं करीन.”

दुसरा हिरवा दिवा लागला.

रणजितनं राजस्थानातनं कळवलं, “पल्लवी म्हणेल तसं.” घरात राहत नसल्यामुळं त्याच्या शब्दाला वजन नव्हतं, आणि तसं बघितलं तर त्यात ना शिवी होती ना गोडवा. यंत्र आठवडाभर घरात राहणार होतं.

टोळीतल्या बाया धावत आल्या. “अगं ये येडे,” त्या पल्लवीला म्हणाल्या, “सासूला शिव्या घाल. चांगल्या कचकचीत घाल. तरच म्हातारी घरात राहील.”

पल्लवीनं प्रयत्न केला. अक्काच्या पलंगाजवळ उभं राहून, पुस्तकातला धडा वाचावा तशी म्हणाली, “तुम्ही... मुडद्या आहात.” बाया हसून लोळल्या. यंत्राला आवाजाचा चढउतारही कळत होता; दिवा हिरव्याचा पिवळा झाला, घरी ठेवायचा लाल काही होईना. पण पोरीनं सोडलं नाही. रोज भरवताना एखादी शिवी द्यायची, कानकोंडी होऊन. अक्का ते ऐकायची. तिच्या मनात यायचं, कसली ही दळभद्री, शिवी सुदिक धुऊन पुसून देते. पण घर राहील ते हिच्यामुळंच, हेही तिला कळत होतं. पल्लवीचा आवाज दिवसागणिक खरा होत चालला होता. दिव्याच्या पिवळ्यात तांबूस रंग उतरायला लागला होता.

शेवटच्या दिवशी छबू आली.

ती दारात दिसली आणि अक्काच्या पोटातनं असा लोंढा उसळला, की पलंग हलला. “भवाने, सटवे, मुडदे.” छबूच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि अक्काचा वाकडा हात मांडीवर घेतला.

“व्हय, मीच ती. मला ताई म्हनून हानलीस आणि आता सटवी म्हनून जवळ घेतीस. लबाड कुठली.” मग ती पल्लवीकडं वळली. तिच्या बाया अजून ऊसतोडीवरच होत्या, आणि ते ती विसरली नव्हती. “पोरी, तुला एक इचारू? ही तुला आजपतोर काय म्हनली?”

“काहीच नाही,” पल्लवी म्हणाली. “मला आई कधीच वाईट बोलल्या नाहीत.”

“कधीच?”

“एकदाही नाही.”

छबू हसली. दात नव्हते तरी ते हसू चावलं. “अगं, हिनं आपल्या म्हशीला शिव्या दिल्या, कावळ्याला दिल्या, मला तर जन्मभर दिल्या. यंत्राला जी भाषा शिकवली ती हिचीच. तिच्यात तुला काय म्हनलं जातंय, ते तुझं तूच बघ. सून न्हवं, तू हिच्या घरात पावनी हायस. कोरा चहा दिलेली.”

पल्लवी उभी होती तिथंच राहिली. एकेक ‘असू द्या हं’ तिच्या तोंडावर उमटत गेलं, आणि अक्का पलंगावरनं ते बघत होती. मग पल्लवी खाली गुडघ्यांवर बसली, अक्काच्या तोंडाशी.

“आई, एकदा म्हणा. मला टवळे म्हणा. एकदाच. मी त्याच्यावर सगळं करीन तुमचं, शेवटपर्यंत.”

अक्काला कळत होतं की आता सगळं एका शब्दावर आलंय. तिला घर पाहिजे होतं. खिडकीतला कावळा पाहिजे होता, रस्त्यावरनं जाणाऱ्या बेदाण्याच्या गाड्यांचा वास पाहिजे होता. तिनं टवळे हा शब्द मनात धरला, जिभेवर आणला, जोर लावला. कपाळावरची शीर टरारली. पण ठरवून बोलायची वाट सुकली होती, आणि उसळून यायला पोटात ह्या पोरीसाठी काही ठेवलेलंच नव्हतं. जन्मभर तिनं जीभ हवी तशी वळवली होती. आता जिभेला खोटं बोलता येईना. तोंडातनं नुसती लाळ आली.

पल्लवीनं ती पदरानं पुसली, हळू, नेहमीसारखी. मग उठली. केस सारखे केले. कुंभोजे मॅडम शेवटची नोंद घ्यायला दारात उभ्याच होत्या. पल्लवी यंत्राजवळ गेली आणि स्वच्छ, गोड आवाजात म्हणाली,

“आई आमच्या घरचं दैवत आहेत. त्यांना इथंच राहू द्यावं, ही माझी हात जोडून विनंती.”

तांबूस दिवा विझला आणि हिरवा लागला. ह्या वेळी पोरीला अर्थ ठाऊक होता, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं. छबूनं अक्काचा हात खाली ठेवला. तिला एवढं नको होतं बहुतेक.

गाडी दुपारी आली. चौघांनी अक्काला उचललं तेव्हा पल्लवीनं तिच्या अंगावर नीट शाल घातली, नव्या रस्त्याचे धक्के बसू नयेत म्हणून मानेखाली उशी दिली. “जपून जा हं, आई. औषधं वेळेवर घेऊन घ्या.”

अक्का तिच्याकडं बघत होती. तुपातली सुरी तिनं किती वेळा म्हटलं होतं, पण पातं आज दिसलं. कसं घातलं पोरीनं, आवाज न चढवता, डोळ्याला डोळा भिडवून. आपल्या हाताखाली शिकलेली एकही बाई इतकं सफाईनं करू शकली नसती. अक्काच्या पोटात काहीतरी हाललं, वर चढलं, आणि गाडीत ठेवता ठेवता अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं तिच्या तोंडातनं उसळलं,

“टवळे.”

चौघे थबकले. कुंभोजे मॅडमच्या हातातलं यंत्र लखलखून लाल झालं. मॅडम पल्लवीकडं धावल्या. “ऐकलंत ना? तुम्हालाच म्हणाल्या. पल्लवीताई, तुम्ही मागितलं तर कौल परत उघडता येतो. आत्ता, इथल्या इथं.”

पल्लवी उंबऱ्यावर उभी होती. तिनं ऐकलं होतं. अक्कानं गाडीतनं मान तेवढी वळवली होती, आणि तिच्या तोंडावर म्हशीकडं, कावळ्याकडं, छबूकडं बघताना असायचा तो भाव होता.

“नको, मॅडम,” पल्लवी म्हणाली. “ऊन फार आहे, आईंना त्रास होईल. सांभाळून घेऊन जा हं त्यांना.”

आणि तिनं आतनं कडी लावली.